निमंत्रणापासून निवड समितीपर्यंत : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील बाउल सामन्यांच्या संघनिवडीचा इतिहास

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉल संघांचा नियमित हंगाम डिसेंबरच्या सुरुवातीला संपतो. त्यानंतर निवडक संघ एकेका शहरात भरणाऱ्या 'बाउल' सामन्यांत खेळतात. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, अंगावर पॅड आणि डोक्यावर हेल्मेट चढवून खेळला जाणारा अमेरिकी खेळ. त्याच्या सर्वोच्च श्रेणीत आज 130 हून अधिक विद्यापीठे आहेत आणि प्रत्येक संघ हंगामात साधारण बाराच सामने खेळतो, तेही बहुतांशी आपल्याच 'कॉन्फरन्स'मधील, म्हणजे ठरलेल्या गटातील, संघांशी. रणजी करंडकात गटातील गुण मोजले की बाद फेरीत कोण जाणार हे कळते. येथे देशभरच्या संघांना लागू पडेल असा सामाईक गुणतक्ताच नाही. महाविद्यालयीन खेळांची शिखर संघटना असलेली एनसीएए इतर खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा भरवते, पण या श्रेणीच्या फुटबॉलचे अजिंक्यपद तिने कधी आपल्या हाती घेतले नाही. त्यामुळे मोठ्या सामन्यांत कोणी खेळायचे हा प्रश्न नेहमी कोणाच्या तरी पसंतीवर सुटत आला. ही पसंती कोणी करायची, यावरच गेली शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे.

उत्सवाचे पाहुणे

या प्रथेची सुरुवात कॅलिफोर्नियातील पॅसडीना या गावी झाली. तेथील व्हॅली हंट क्लबने 1890 मध्ये नववर्षाच्या दिवशी 'टुर्नामेंट ऑफ रोझेस' हा फुलांचा उत्सव सुरू केला. पूर्वेकडील राज्ये बर्फाखाली असताना आपल्याकडे गुलाब फुलतात, हे देशाला दाखवून लोकांना तिकडे ओढणे हा त्यामागचा हेतू होता. 1 जानेवारी 1902 रोजी या उत्सवात फुटबॉलचा सामना ठेवण्यात आला. मिशिगनने स्टॅनफर्डचा 49–0 असा धुव्वा उडवला आणि आठ मिनिटे शिल्लक असतानाच स्टॅनफर्डने सामना सोडून दिला. इतक्या एकतर्फी खेळात आयोजकांना रस उरला नाही. पुढची काही वर्षे फुटबॉलच्या जागी रथांच्या शर्यती झाल्या.

1916 मध्ये फुटबॉल परतला तो कायमचा. 1922 मध्ये नवे स्टेडियम उभे राहिले. येल विद्यापीठाच्या 'येल बाउल'प्रमाणे तेही खोलगट वाडग्याच्या आकाराचे होते, म्हणून त्याला 'रोझ बाउल' नाव मिळाले. पुढे हेच नाव सामन्याला आणि त्यातला 'बाउल' हा शब्द त्याच्या धर्तीवर निघालेल्या सगळ्याच सामन्यांना चिकटला.

निवडीची रीत साधी होती. पश्चिम किनाऱ्यावरील विजेता संघ यजमान असे आणि पूर्वेकडील एखाद्या नामांकित संघाला बोलावणे जाई. विजयांची संख्या पाहिली जाई, पण पाहुण्याच्या नावाला गर्दी जमेल का हेही तितकेच पाहिले जाई. 1925 मध्ये प्रशिक्षक नूट रॉक्नी यांच्या नोट्र डेम संघाने स्टॅनफर्डला 27–10 असे हरवले. 1926 मध्ये अलाबामाने वॉशिंग्टनवर 20–19 अशी मात केली. तोवर दक्षिणेतील संघांना दुय्यम समजले जाई. या एका गुणाच्या विजयाने त्यांच्याकडे पाहण्याची देशाची नजर बदलली. निमंत्रण मिळणे हीच प्रतिष्ठेची खूण झाली होती. तरीही सगळ्यांनाच त्याचा मोह नव्हता. नोट्र डेमने 1925 नंतर थेट 1970 पर्यंत एकही बाउल सामना खेळला नाही.

महामंदीच्या काळात इतर उबदार शहरांनी पॅसडीनाचा कित्ता गिरवला. 1 जानेवारी 1935 रोजी मायामीत ऑरेंज बाउल आणि न्यू ऑर्लीन्समध्ये शुगर बाउल सुरू झाले. 1937 मध्ये तेलव्यावसायिक कर्टिस सॅनफर्ड यांनी डॅलसमध्ये कॉटन बाउल भरवला. संत्री, साखर, कापूस ही नावे त्या त्या भागाच्या पिकांवरून आली. स्थानिक व्यापारी आणि नागरिकांच्या समित्या हे सामने चालवत. हिवाळ्यात हॉटेले भरावीत, रेल्वेने पाहुणे यावेत, वर्तमानपत्रांत शहराचे नाव गाजावे, ही त्यांची गरज होती. त्यामुळे तुल्यबळ पण समर्थक न आणणाऱ्या संघापेक्षा हजारो चाहत्यांसह येणारा संघ त्यांना हवासा वाटे.

करार आणि अटी

दरवर्षी नव्याने पाहुणे शोधण्यात धोका होता. म्हणून बाउल समित्यांनी कॉन्फरन्सशी कायमचे करार करायला सुरुवात केली. त्यांपैकी सर्वांत टिकाऊ करार रोझ बाउलचा ठरला. 1946 मध्ये पश्चिम किनाऱ्याची पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स आणि मध्यपश्चिमेची बिग टेन यांच्यात तो झाला. शिकागो विद्यापीठ बाहेर पडल्यामुळे बिग टेन तेव्हा नऊच संघांची उरली होती. जानेवारी 1947 पासून या दोन कॉन्फरन्सचे प्रतिनिधी पॅसडीनात समोरासमोर येऊ लागले. याच सुमारास कॉटन बाउलने टेक्सस परिसरातील साउथवेस्ट कॉन्फरन्सच्या विजेत्याला हक्काची जागा दिली. कालांतराने ऑरेंज बाउल बिग एट कॉन्फरन्सशी आणि शुगर बाउल दक्षिणेच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सशी, म्हणजे एसईसीशी, बांधला गेला.

बिग टेनने स्वतःवर दोन कडक अटी घालून घेतल्या होत्या. तिचा एकच संघ बाउल खेळू शके, तोही फक्त रोझ बाउल; आणि एकाच संघाला लागोपाठ दोन वर्षे पाठवले जात नसे. फुटबॉलने अभ्यासावर कुरघोडी करू नये ही त्यामागची भूमिका होती. 1961 मध्ये ओहायो स्टेटने कॉन्फरन्स जिंकली, पण विद्यापीठाच्या प्राध्यापक परिषदेने 28 विरुद्ध 25 मतांनी रोझ बाउलचे निमंत्रण नाकारले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तरी निर्णय फिरला नाही आणि मिनेसोटाचा संघ गेला.

लागोपाठ न पाठवण्याची अट 1970 च्या दशकाच्या आरंभी उठली. एकच संघ पाठवण्याची अट मात्र 1973 मध्ये भोवली. अपराजित ओहायो स्टेट आणि अपराजित मिशिगन यांचा अखेरचा सामना 10–10 असा बरोबरीत सुटला. जागा एक, दावेदार दोन. निर्णय दहा विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांच्या मतदानावर गेला आणि 6 विरुद्ध 4 मतांनी ओहायो स्टेटची निवड झाली. मिशिगनच्या क्वार्टरबॅकचे, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणाऱ्या मुख्य खेळाडूचे, कॉलरचे हाड त्या सामन्यात मोडले होते. त्याच्याविना संघ दुबळा पडेल, ही शंका मतदानात निर्णायक ठरल्याचे बोलले गेले. एकही सामना न हरलेला मिशिगन घरी बसला. या प्रकरणाचा बोभाटा झाल्यावर 1975 पासून बिग टेनने आपल्या इतर संघांना अन्य बाउल खुले केले.

कागदावर नसलेली एक अट याहून कठोर होती. दक्षिणेतील शहरांत वंशभेदाचे नियम होते आणि बाउलच्या निमंत्रणातही ते डोकावत. बॉस्टन कॉलेजने 1940 चा कॉटन बाउल आणि 1941 चा शुगर बाउल स्वीकारला, तो आपला कृष्णवर्णीय खेळाडू लू माँटगमरी याला बाहेर ठेवून. 1948 मध्ये पेन स्टेट दोन कृष्णवर्णीय खेळाडूंसह कॉटन बाउलमध्ये उतरला आणि तेथील वंशभेदाची भिंत प्रथम फुटली. 1951 मध्ये सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने नऊच्या नऊ सामने जिंकले. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे त्यांचे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते आणि त्यांना वगळून खेळण्याची संघाची तयारी नव्हती. त्यांना एकाही बाउलचे बोलावणे आले नाही. 1956 च्या शुगर बाउलसाठी पिट्सबर्गच्या संघात कृष्णवर्णीय बॉबी ग्रीअर होता, म्हणून जॉर्जियाचे गव्हर्नर मार्विन ग्रिफिन यांनी जॉर्जिया टेकने खेळू नये असा आग्रह धरला. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली आणि सामना झाला. त्याच वर्षी न्यू ऑर्लीन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानाने मिश्रवंशीय खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. न्यायालयाने पुढे तो रद्द ठरवला, तरी काही वर्षे शुगर बाउलची निवड दक्षिणेतील संघांपुरतीच आकसून राहिली.

मतांचा अजिंक्यवीर

मैदानात राष्ट्रीय विजेता ठरत नसल्याने तो कागदावर ठरू लागला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 1936 पासून क्रीडा पत्रकारांच्या मतांची साप्ताहिक क्रमवारी नियमित प्रसिद्ध केली. 1950 मध्ये प्रतिस्पर्धी युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची क्रमवारी सुरू केली. दीर्घकाळ या दोन्ही क्रमवाऱ्यांचे अखेरचे मतदान बाउल सामन्यांआधीच उरके. बाउलकडे हंगामानंतरचा मानाचा सामना म्हणूनच पाहिले जाई. 1968 पासून पत्रकारांनी बाउलनंतर मते देण्याची पद्धत कायम केली. प्रशिक्षकांची अडचण 1973 मध्ये उघडी पडली: त्यांनी आधीच विजेता जाहीर केलेला अलाबामा शुगर बाउलमध्ये नोट्र डेमकडून 24–23 असा हरला. पुढच्या हंगामापासून तेही बाउलनंतर मते देऊ लागले.

आता बाउलला नवे वजन आले, पण जुने करार आड आले. क्रमांक एक रोझ बाउलला बांधलेला आणि क्रमांक दोन ऑरेंज बाउलला, असे वारंवार घडे. 1984 मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठ अपराजित होते, पण त्याची कॉन्फरन्स सॅन डिएगोच्या हॉलिडे बाउलला बांधलेली होती. तेथे सहा विजय आणि पाच पराभव अशा मिशिगनला 24–17 ने हरवून तो संघ राष्ट्रीय विजेता ठरला. कोणत्याही बलाढ्य संघाशी त्याची गाठ पडलीच नाही.

मोकळ्या जागांसाठी बाउल समित्यांची चढाओढ चाले. आपापल्या रंगाचे कोट घातलेले प्रतिनिधी शरद ऋतूभर विद्यापीठांच्या सामन्यांना हजेरी लावत आणि अधिकृत तारखेच्या बऱ्याच आधी तोंडी सौदे पक्के करत. घाई कधी अंगाशी येई. 1990 च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनिया देशात पहिल्या क्रमांकावर होता. शुगर बाउलने त्याला धरून ठेवले आणि तो आला तेव्हा त्याच्या नावावर तीन पराभव होते.

करारमुक्त राहण्याचा फायदा फिएस्टा बाउलने दाखवून दिला. ॲरिझोनातील हा सामना 1971 मध्ये सुरू झाला होता. 1986 च्या हंगामात पहिले दोन क्रमांक मायामी आणि पेन स्टेट यांचे होते आणि दोघेही कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नव्हते. फिएस्टाने दोघांना बोलावले, सामना 2 जानेवारी 1987 च्या रात्री दूरचित्रवाणीवर झाला आणि पेन स्टेट 14–10 असा जिंकला. पहिला विरुद्ध दुसरा या लढतीला केवढा प्रेक्षक आहे, हे सर्वांना दिसले.

संगणक आणि मतपत्रिका

1990 मध्ये पत्रकारांनी कोलोरॅडोला आणि प्रशिक्षकांनी जॉर्जिया टेकला विजेता ठरवले. 1991 मध्ये हा मान अनुक्रमे मायामी आणि वॉशिंग्टन यांना गेला. लागोपाठ दोन वर्षे दोन-दोन विजेते निघाल्यावर 1992 मध्ये काही कॉन्फरन्स, कोणत्याही कॉन्फरन्समध्ये नसलेले नोट्र डेम आणि बाउल समित्यांनी 'बाउल कोअलिशन' स्थापली. पहिल्या दोन क्रमांकांची गाठ घालून देता यावी म्हणून विजेत्यांना ठरलेल्या बाउलमधून मोकळे करण्याची त्यात तरतूद होती. 1995 मध्ये तिची जागा 'बाउल अलायन्स'ने घेतली. रोझ बाउल, बिग टेन आणि पश्चिम किनाऱ्याची पॅक-टेन कॉन्फरन्स मात्र दोन्हींच्या बाहेर राहिले. त्याची किंमत 1997 च्या हंगामात कळली: अपराजित मिशिगन रोझ बाउलमध्ये आणि अपराजित नेब्रास्का ऑरेंज बाउलमध्ये खेळला, दोघे जिंकले आणि अजिंक्यपद पुन्हा विभागले गेले.

1998 मध्ये एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांच्या पुढाकाराने 'बाउल चॅम्पियनशिप सिरीज', म्हणजे बीसीएस, अस्तित्वात आली आणि रोझ बाउलही सामील झाला. सहा प्रमुख कॉन्फरन्सच्या विजेत्यांना रोझ, शुगर, ऑरेंज आणि फिएस्टा या चार बाउलमध्ये हमखास जागा होत्या. उरलेल्या जागा बाउल समित्या आपल्या पसंतीने भरत; एका कॉन्फरन्समधून दोनहून अधिक संघ घेता येत नसत. अंतिम लढतीचे दोन संघ मात्र एका सूत्राने ठरत. दोन्ही क्रमवाऱ्या, संगणकांची क्रमवारी, प्रतिस्पर्ध्यांची ताकद आणि पराभवांची संख्या यांची त्यात बेरीज होई.

सूत्रामुळे पक्षपाताचा आरोप थांबेल अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. 2000 मध्ये मायामीने फ्लोरिडा स्टेटला हरवले होते, पण अंतिम सामना फ्लोरिडा स्टेटला मिळाला. 2001 मध्ये कोलोरॅडोकडून 62–36 अशी धूळ चाखलेला नेब्रास्का अंतिम लढतीत पोहोचला आणि दोन्ही क्रमवाऱ्यांत दुसरा असलेला ओरेगन बाहेर राहिला. 2003 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया पत्रकार आणि प्रशिक्षक दोघांच्याही मते पहिला होता. सूत्राने त्याला तिसरा ठरवले. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात 35–7 असा हरलेला ओक्लाहोमा सूत्रात पहिलाच राहिला आणि लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून, म्हणजे एलएसयूकडून, पराभूत झाला. पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्नियालाच विजेता घोषित केले. अंतिम सामन्याच्या विजेत्याला मत देणे प्रशिक्षकांवर बंधनकारक असूनही त्यांच्यातील तिघांनी तेच केले.

दर वादानंतर सूत्र बदलले जाई. मोठ्या फरकाने जिंकण्याचे महत्त्व काढून टाकण्यात आले. 2004 पासून मानवी मतांना दोनतृतीयांश आणि संगणकांना एकतृतीयांश वजन देण्यात आले. त्याच वर्षी अपराजित ऑबर्न बाहेर राहिला आणि हंगामाअखेर असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी वापरण्यास मनाई केली. तिच्या जागी माजी खेळाडू, प्रशिक्षक व पत्रकारांची 'हॅरिस' क्रमवारी आली.

छोट्या कॉन्फरन्सच्या संघांना मोठ्या बाउलची दारे उंच क्रमांक मिळाला तरच उघडत. 2004 च्या हंगामात ती प्रथम युटाने उघडली. 1 जानेवारी 2007 रोजी बॉइझी स्टेटने जादा वेळेत ओक्लाहोमाला 43–42 असे हरवल्यावर या संघांना कमी लेखणे अवघड झाले. 2008 मध्ये नवनिर्वाचित अध्यक्ष बराक ओबामा यांनी आठ संघांच्या बाद फेरीची बाजू घेतली. जानेवारी 2012 मध्ये एलएसयू आणि अलाबामा हे एकाच कॉन्फरन्सचे संघ अंतिम सामन्यात पुन्हा भिडले, तेव्हा असंतोष शिगेला पोहोचला. त्याच वर्षी जूनमध्ये विद्यापीठांच्या अध्यक्षांनी चार संघांच्या बाद फेरीला मंजुरी दिली.

समितीची खोली

2014 च्या हंगामापासून 'कॉलेज फुटबॉल प्लेऑफ' सुरू झाले आणि निर्णय तेरा जणांच्या निवड समितीकडे गेला. विद्यमान क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू आणि सार्वजनिक जीवनातील व्यक्ती तिच्यात असतात. माजी परराष्ट्रमंत्री काँडोलीझा राइस पहिल्या समितीत होत्या. डॅलसजवळच्या ग्रेपव्हाइन येथील हॉटेलात समिती बसते. हंगामाच्या उत्तरार्धात ती दर आठवड्याला पंचवीस संघांची क्रमवारी जाहीर करते, परंतु प्रत्येक वेळी कोरी पाटी घेऊन. मूळ कार्यपद्धतीनुसार सदस्य आधी तीस संघांची यादी देतात, मग त्यांतून सर्वोत्तम सहा निवडून त्यांना क्रम लावतात. पहिले तीन पक्के होतात, उरलेले तीन पुढच्या फेरीत नव्या संघांशी तोलले जातात. आपल्या विद्यापीठाची चर्चा निघाली की सदस्याला खोलीबाहेर जावे लागते. प्रतिस्पर्ध्यांची ताकद, आपसातला सामना, सामाईक प्रतिस्पर्धी आणि कॉन्फरन्सचे विजेतेपद हे मुख्य निकष. प्रमुख खेळाडूची दुखापतही विचारात घेता येते.

समितीने निवडलेले चार संघ दोन उपांत्य सामने खेळत. रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा आणि पीच या सहा बाउलमध्ये ते आळीपाळीने भरत. उपांत्य सामना नसेल त्या वर्षी हे बाउल आपले करार पाळत, आणि छोट्या कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम विजेत्याला या सहांत एक जागा राखीव असे.

पहिल्याच वर्षी टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ अखेरचा सामना 55–3 असा जिंकूनही तिसऱ्या क्रमांकावरून सहाव्यावर घसरले आणि ओहायो स्टेट चौथा म्हणून आत आला. त्याने पुढे अलाबामा आणि ओरेगन या दोघांना हरवून विजेतेपद पटकावले. 2017 मध्ये अपराजित सेंट्रल फ्लोरिडाला संधी मिळाली नाही. छोट्या कॉन्फरन्सचा पहिला संघ चारांत आला तो 2021 मध्ये, सिनसिनाटी. सर्वांत कडवट वाद 2023 मध्ये झाला. फ्लोरिडा स्टेटने तेराच्या तेरा सामने आणि कॉन्फरन्सचे विजेतेपद जिंकले, पण क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी होता. समितीने एक पराभव पदरी असलेल्या अलाबामाला घेतले. पन्नास वर्षांपूर्वी मिशिगनविरुद्ध कुजबुजला गेलेला मुद्दा आता लेखी निकष म्हणून वापरला गेला होता.

2024 पासून संघांची संख्या बारा झाली. 2024 आणि 2025 मध्ये सर्वोच्च क्रमांकाच्या पाच कॉन्फरन्स विजेत्यांना थेट प्रवेश मिळाला आणि उरलेल्या सात जागा क्रमवारीने भरल्या. पहिली फेरी विद्यापीठांच्या मैदानांवर होते. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने त्या सहा बाउलमध्ये. पहिल्या वर्षी अव्वल चार विजेत्यांना पहिल्या फेरीत पुढे चाल होती. त्यामुळे क्रमवारीत नववा असलेला बॉइझी स्टेट आणि बारावा ॲरिझोना स्टेट यांना तिसरे व चौथे मानांकन मिळाले. सोळावा क्लेमसन विजेता म्हणून आत आला आणि अकरावा अलाबामा बाहेर राहिला. पुढे चाल मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले. आठव्या मानांकनाचा ओहायो स्टेट अजिंक्य ठरला. म्हणून 2025 पासून मानांकन थेट क्रमवारीप्रमाणे देण्याचे ठरले.

सहा मोठ्या बाउलखेरीज आणखी तीसेक बाउल आहेत. त्यांच्यासाठी संघाला साधारण सहा विजय लागतात आणि कॉन्फरन्सशी झालेल्या करारांतील पाळीनुसार बाउल समित्या संघ उचलतात. प्रवासी चाहते आणि हॉटेलांच्या खोल्या यांचा हिशेब तेथे आजही चालतो. सहा मोठ्या बाउलकडे मात्र आता यजमानपद उरले आहे, पाहुणे निवडण्याचा अधिकार नाही. तो समितीकडे आहे आणि बारा जागांनीही तिच्यावरचा रोष कमी झालेला नाही. डिसेंबर 2025 मध्ये मायामी आणि नोट्र डेम हे दोन्ही संघ अखेरच्या शनिवारी खेळले नव्हते, तरी त्यांचा क्रम उलटला. मधला ब्रिगम यंग हरून खाली आल्याने दोघांची थेट तुलना झाली आणि ऑगस्टअखेर मायामीने नोट्र डेमवर मिळवलेला विजय निर्णायक मानला गेला. मायामी दहावा म्हणून आत गेला, अकरावा नोट्र डेम बाहेर राहिला. चार जागा असताना पाचव्याची तक्रार असे. आता ती बाराव्या जागेच्या आसपास असते. कारण जे संघ एकमेकांशी खेळलेच नाहीत त्यांच्यात क्रम लावण्याचे काम तेवढेच अवघड राहिले आहे.